धोंडू आबा आणि भिंतीवरचे सात गडी

धोंडू आबा कुणाच्याही घरी गेले की माणसाला नमस्कार करण्याआधी भिंतीला हात लावत. आई तापलेल्या पोराच्या कपाळाला लावते तसा, उलटा तळहात. मी धुळ्याला चित्रकलेची शिक्षिका म्हणून नवी नवी रुजू झाले होते. एका रविवारी हा साठीपार गेलेला उंच, काटकुळा माणूस माझ्या भाड्याच्या खोलीच्या दारात उभा राहिला. त्याने आधी माझ्या भिंतीला हात लावला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"बाई, हिले ताप शे," ते म्हणाले. "आंगमां पानी मुरेल शे. खाट जरा सरकवा, नाही तर सांधे धरतील. भिंतीचे नाही, तुमचे."

खाट सरकवून झाल्यावर त्यांनी येण्याचं कारण सांगितलं. ते माझ्याशी भांडायला आले होते.

भांडणाचं मूळ होती पांझरेकाठच्या वस्तीतल्या व्यायामशाळेची एक भिंत. तिच्यावर हुतुतूच्या सात गड्यांचं चित्र होतं. स्वातंत्र्यानंतरच्या चारपाच वर्षांत या सात जणांनी जिल्हा गाजवला होता म्हणे. पण मी पाहिलं तेव्हा तिथे धुराने काळवंडलेली सात भुतं उभी होती. शेजारच्या लोहाराच्या भट्टीने तीस वर्षं त्यांना धुरी दिली होती. वस्तीतल्या मंडळाच्या तरुणांना जयंतीच्या आधी भिंत नवी करायची होती. माझ्याकडे चित्रकलेच्या परीक्षांची प्रमाणपत्रं होती, म्हणून ते मला बोलावून गेले होते. मीही ऐटीत सांगून टाकलं होतं, सगळं खरवडा, गिलावा नवा करा, ऑइलपेंटमध्ये फक्कड चित्र काढून देते.

"खरवडा?" आबा म्हणाले. "तुमच्या आईचा फोटो धुरकट झाला तर तुम्ही दुसरी आई आणता का?"

मला राग आला. मी म्हटलं, "मग तुम्ही काय करणार?"

"आंघोळ घालीन. पंधरा दिवस द्या. नाही निघालं चित्र, तर खरवडायला पहिला हात मीच घालीन."

आबांनी सारा जन्म एसटीच्या डेपोत गाड्या रंगवण्यात घालवला होता. पण ही भिंत त्यांनी नोकरीला लागण्याआधी, विशीत असताना रंगवली होती, हे मला त्या दिवशी कळलं. गेरू, पिवडी, नीळ आणि चुलीतली काजळी, बाभळीच्या डिंकात कालवून. विकतचा रंग फक्त एक होता, लाल.

आंघोळीची त्यांची रीत ऐकून मंडळाची पोरं हसली. कणीक घट्ट मळायची आणि तिचे गोळे भिंतीवर हळूच दाबून फिरवायचे. पाण्याचा थेंब लावायचा नाही. कणीक काजळी उचलते आणि रंग जागेवर राहतो. पहिल्या दिवशी आबा एकटेच गोळा फिरवत होते. दुपारपर्यंत वितभर जागेतून एक गुडघा बाहेर आला, घामाने चकाकणारा, वाळूचे कण चिकटलेला. गुडघा पाहायला अर्धी वस्ती लोटली. दुसऱ्या दिवशी बायाच परातीत कणीक घेऊन आल्या. "घरचे गडी कधी न्हाऊ घातले नाहीत, हे सात घालते," असं एक म्हातारी म्हणाली आणि भिंतीसमोर हशा पिकला. मीही पदर खोचला. आबांनी माझ्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि एक गोळा पुढे केला.

काम करता करता ते संघाच्या गोष्टी सांगत. गावाच्या मोठ्या मैदानावर या सात जणांना पाऊल ठेवू देत नसत, म्हणून ते पांझरेच्या कोरड्या वाळूत खेळत. इतर संघ त्यांच्याशी सामना धरायला तयार नसत. कारण सरळ होतं. हुतुतूत शिवल्याशिवाय खेळच होत नाही.

"आमचा गडी त्यांच्या अंगाला लागला, तर ते बाद झाले की बाटले, याचा निकाल पंचाला देता येईना!" हे सांगताना आबा खो खो हसत. मी हसू की नको या विचारात पडायची. तेव्हा तेच म्हणत, "हसा बाई. त्या वक्ताला रडून झालं. आता हसायची पाळी आमची शे."

शेवटी एरंडोलच्या एका उत्सवात कुणा भल्या माणसाने यांना बोलावलं. तिथे हे सगळे सामने जिंकले. त्यानंतर बोलावणी येऊ लागली. फक्त गावचा संघ काही कधी समोर आला नाही.

"तुम्ही यातले कितवे?" एकदा मी विचारलं.

"आठवा," आबा म्हणाले. "राखीव गडी. चपला सांभाळायच्या, पाणी भरायचं, आणि कुणाचा पाय मुरगळावा असं मनात येऊ द्यायचं नाही. तिसरं काम लई अवघड व्हतं."

त्यांना एकदाही खेळायला मिळालं नव्हतं. आणि चित्र त्यांनीच काढलेलं असूनही त्यात आठवा माणूस नव्हता.

पंधरा दिवसांत भिंत उजळली. सहा गडी जिवंत होऊन उभे राहिले. सातव्याच्या खांद्यापर्यंत सगळं ठीक होतं आणि वर काहीच नव्हतं. काजळीखाली गिलाव्याचा पोपडा कधीच गळून गेला होता. तो गडी म्हणजे किसन, संघाचा हुकमी चढाईवाला. तरुणपणीच सुरतेला गिरणीत गेला आणि तिकडेच वारला. त्याचा फोटो कुठेच नव्हता. ज्याला विचारावं तो वेगळा किसन सांगे. एकाला मिशी आठवे, दुसरा मिशी नव्हती म्हणून शपथ घेई. मंडळाच्या पोरांनी सुचवलं, एखाद्या सिनेमातल्या नटाचा चेहरा काढा, कुणाला कळतंय!

चार दिवस आबा त्या रिकाम्या जागेसमोर बसून राहिले. चौथ्या दिवशी मला म्हणाले, "बाई, मी काढलेला चेहरा व्हता तो. पण हात इसरी गया." त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच असा बसलेला ऐकला.

त्या संध्याकाळी मी घरमालकांना ही हकिकत सांगितली. नाना सत्तरीचे, निवृत्त वकील, बोलायला तुटक. त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "त्याचा डावा कान मोडलेला होता."

"कुणाचा?"

"किसनचा. वरची पाळी दुमडलेली, करंजीच्या काठासारखी. चढाईला निघताना उजवी भुवई वर जायची. मी पांझरेच्या पुलावरून बघायचो, कपडे वाळत घालायला आल्यासारखा धोतर हातात घेऊन. गावच्या संघाचा कप्तान होतो मी."

दुसऱ्या दिवशी मी नानांना सायकलरिक्षातून वस्तीत घेऊन गेले. गावातले नाना पांझरेकाठी आले म्हणून लोक गोळा झाले. मी ओळख करून द्यायला तोंड उघडलं, पण आबांनी त्यांना केव्हाच ओळखलं होतं.

"पुलावरचे कप्तान," आबा म्हणाले. "आम्ही खालून बघत व्हतो तुम्हाला. येवढं ध्यानात ठेवलं नाना, अन एक डाव खेळायला खाली उतरला नाहीत?"

नाना म्हणाले, "घरून परवानगी नव्हती." मग थांबून म्हणाले, "नाही, या वयात खोटं कशाला बोलू? हिंमत नव्हती."

आबांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं, आता हे काहीतरी जिव्हारी लागेल असं बोलणार. पण त्यांनी पोरांना हाक मारली, "वकीलसाहेबांना खुर्ची आणा रे!" आणि कोळसा हातात घेतला. "हां, सांगा आता. कान कसा व्हता?"

तीन दिवस हे दोन म्हातारे भिंतीसमोर भांडत होते. "नाक इतकं सरळ नाही." "तुम्ही पुलावरून पाहिलं, मी शेजारी बसून जेवलो." "म्हणूनच तुम्ही ताटात पाहत होतात!" तिसऱ्या दिवशी आबांनी कान दुमडला, भुवई उचलली आणि दम धरलेल्या माणसाचे असतात तसे ओठ काढले, आवळून पुढे आलेले. मग ते शिडीवरून उतरून मागे आले आणि नानांशेजारी जमिनीवर बसले. किसन आला होता.

जयंतीच्या दिवशी भिंतीचा सोहळा ठरला. एका पुढाऱ्याचा निरोप आला की चित्राखाली आपलं नाव मोठ्या अक्षरांत टाकावं. आबा स्वतः त्याला भेटायला गेले आणि नम्रपणे म्हणाले, "टाकतो साहेब. फक्त तुम्ही कोणत्या जागेवर खेळलात ते सांगा, लोक विचारतील." नाव टाकायचा विषय तिथेच संपला.

सोहळ्याला वस्तीतल्या पोरांचा गावातल्या एका संघाशी सामना ठेवला होता. तो संपला, वस्तीने चार गुणांनी मारला, आणि लोक उठायला लागले. एवढ्यात नानांनी चपला काढल्या. धोतराचा काचा मारला आणि मधल्या रेषेपाशी जाऊन उभे राहिले. पलीकडच्या अंगणात तेव्हा एकटे आबाच होते, चुन्याची फक्की उचलत.

"धोंडू, सांभाळ," नाना म्हणाले आणि त्यांनी दम धरला. "हुतुतूतूतू..."

सत्तरीच्या माणसाचा दम तो. तीन पावलांतच तो फाटायला लागला. आबा आधी बघतच राहिले. मग फक्कीचं घमेलं टाकून त्यांनी पवित्रा घेतला, खरोखरीचा, गुडघे वाकवून, हात पसरून. लोक ओरडायला लागले. आबा डावीकडे सरले, नाना डावीकडे सरले आणि शेवटच्या दमात पुढे झेपावून त्यांनी आबांच्या दंडाला हात लावला. लावला तो तसाच धरून राहिले, कारण नाही तर ते पडलेच असते.

"बाद!" नाना रेषेवर परतायची वाट न बघताच पंच म्हणून उभा असलेला पोरगा ओरडला.

आबा मैदानाबाहेर पळाले ते नाचतच. "मी बाद झालो रे! मी बाद झालो!" भेटेल त्याला ते हेच सांगत सुटले. हरल्याचा एवढा आनंद झालेला गडी मी त्याआधी पाहिला नाही आणि नंतरही नाही.

पुढच्या जूनमध्ये मला जळगावच्या शाळेत नोकरी मिळाली. मी धुळं सोडलं त्याच दिवशी किसनची बहीण, सखूअक्का, पारोळ्याहून भिंत पाहायला आली होती. मला निरोप द्यायला आबा थांबले होते, म्हणून आम्ही तिघं मिळूनच भिंतीकडे गेलो. तिला नीट दिसत नसे. ती अगदी जवळ गेली, किसनच्या चेहऱ्याखाली उभी राहिली, आणि मला वाटलं ही आता रडणार. पण तिने कमरेवर हात ठेवले.

"आते तोंड दखाडस का?" ती कडाडली. "सुरतले गया तो गयाच! एक चिठ्ठी बी नही धाडी रे! माय वाट देखी देखी मरी गई!"

ती पाच मिनिटं भावाला झाडत होती. आबा शेजारी मान खाली घालून उभे होते, जणू पत्र त्यांनीच पाठवलं नव्हतं. तिचं बोलून झाल्यावर त्यांनी तिला पाणी दिलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "चित्र जमलं बाई. लोक छान छान म्हणत व्हते तोवर भरवसा नव्हता. आज कुणीतरी त्याच्याशी भांडलं."

सखूअक्का आणि मी एकाच गाडीत बसलो. जळगावची गाडी पारोळ्यावरूनच जाते. आबांनी खिडकीतून माझी पिशवी आत दिली आणि गाडी हलेपर्यंत उभे राहिले. तेच आमचं शेवटचं भेटणं. वाटभर अक्का किसनबद्दल बोलत होती. पारोळ्याला उतरल्यावर ती खिडकीखाली आली.

"बाई, आबाले एक लिखजो. किसनना दात पुढे व्हतात. बठ्ठा गाव हसे त्याले. आबानी ते नही दखाडात. बरं करं."

मी जळगावला पोहोचल्यावर तसं लिहिलं. आठवड्याने आबांचं कार्ड आलं. गाडीच्या पाटीवर असतात तशी ठसठशीत, एकसारखी अक्षरं होती. मजकूर दोनच ओळींचा:

'बाईंस नमस्कार. दात मला पहिल्यापासून ठाऊक होते. फक्त कानाचा विसर पडला होता.'