भिंगताईंची दुसरी काचपट्टी

आरोग्य केंद्रात त्यांना सगळे भिंगताई म्हणत. बावीस वर्षे एकाच स्टुलावर बसून, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्यांनी लोकांचे रक्त तपासले होते. "तोंड खोटं बोलेल, रक्त नाही," हे त्यांचे वाक्य. शिपाईमामा त्याची हुबेहूब नक्कल करत.

त्या सकाळी दगडखाणीतल्या चौघांनी एका गड्याला दोरीने बांधून आणले. तो दात खात होता. एकाच्या मनगटाचा त्याने लचका तोडला होता, आणि थोरल्या भावाच्या शर्टाला बाही उरली नव्हती.

"तीन दिवस ताप होता. आज कुणाला ओळखेना," भाऊ म्हणाला.

तरुण डॉक्टरांनी किटकडे पाहिले. रक्ताचा थेंब टाकून ताईंनीच ती मलेरियाची पट्टी लावली होती. एकच रेघ उमटली होती. "मलेरिया नाही. दारू एकदम सुटली की असं होतं. वेड्यांच्या इस्पितळात पाठवू. गाडी बोलवा."

इस्पितळ तीन तासांवर होते. ताईंची नजर खिडकीकडे गेली. फडताळ पुसताना किटचा डबा त्यांनीच खिडकीत ठेवला होता, आणि आठवडाभर तो उन्हात भाजत होता. उन्हाने पट्टी नासते, हे नव्या मुलींना शिकवणाऱ्या त्याच.

"डॉक्टर, किट खराब आहे. चूक माझी. रक्त काचेवर बघू द्या, वीस मिनिटं."

त्यांनी बोट टोचले, थेंब काचपट्टीवर घेतला, तोच रोग्याची लाथ बसली. पट्टीचा चुरा झाला आणि एक कपची ताईंच्या तळव्यात रुतली. त्यांनी दुसरी काचपट्टी काढली.

"पुरे झालं," भाऊ गुरगुरला. "चूक तुमची, आणि छळ त्याचा?"

"आणखी एकदाच टोचते."

त्याने कानशिलात लगावली. ताईंचे डोके भिंतीवर आदळले, ओठ फुटला. शिपाईमामा काठी घेऊन धावले.

"मामा, काठी ठेवा. त्याचा हात धरा."

मामांनी रोग्याचा हात गुडघ्याखाली दाबला. ताईंनी थेंब पसरला आणि त्या आत गेल्या. पाठीमागे लोखंडी खाट खडखडू लागली. रोग्याचे अंग धनुष्यासारखे ताणले होते, जबडा मिटला होता, तोंडातून रक्ताळलेला फेस येत होता. डॉक्टरांनी झटके थांबवणारे इंजेक्शन दिले. रक्तातली साखर तळाला गेलेली दिसताच शिरेतून ग्लुकोज सोडले. भाऊ भिंतीला टेकून खाली बसला.

एरवी भिंगाखालच्या शंभर चौकटी तपासल्याशिवाय न उठणाऱ्या ताई तिसऱ्या चौकटीलाच उठल्या. जिकडेतिकडे मलेरियाच्या जंतूंच्या जांभळ्या अंगठ्या.

"मेंदूत गेलेला मलेरिया. हलवलात तर वाटेत जाईल."

डॉक्टरांनी वजनाच्या हिशोबाने आर्टेसुनेट हे मलेरियावरचे औषध शिरेतून दिले. मग बारा तासांनी, मग चोवीस तासांनी. प्रत्येक वेळी ताईंनी नवी काच पाहिली. अंगठ्या विरळ होत गेल्या.

तिसऱ्या दिवशी रोग्याने पाणी मागितले. मनगटावरचे वळ पाहून म्हणाला, "मला बांधलं कुणी?"

"तुझ्या दादाने," मामा म्हणाले. "फार माया आहे त्याची. ताईंनाही थोडी मिळाली."

त्याच दुपारी दादा ताईंच्या खिडकीशी आला. रात्रीपासून त्याला हुडहुडी भरली होती. त्याने उजवा हात पुढे केला.

ताईंनी कोरी काचपट्टी घेतली. ओठ अजून सुजलेला होता.

"परवा नव्हता हा थरथरत," त्या म्हणाल्या. "सैल सोडा."