बारदानाच्या झोळ्या बांधणाऱ्या द्वारकाबाई

द्वारकाबाईंना साठावं लागलं, म्हणून शाळेचे मास्तर सगळ्यांचं लिहिलेलं एकत्र बांधून त्यांना देणार आहेत. मी नातीच्या पाटीवर अक्षरं शिकले. चुकलंमाकलं मास्तरांनी नीट करून घ्यावं.

दिंद्रुडच्या बाजूला आमचं कापसाचं जिन आहे, सरकी काढायचा कारखाना. तिथं कामाला मी आधीची. द्वारकाबाई मागून तलवाड्याहून आल्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "काकू, जरा सरकून बसा." मी सरकले, अन् त्या बसल्या त्या बसल्याच. पुढं बायकांवर मुकादमीण नेमायची ठरलं, तेव्हा मान त्यांना मिळाला. तो माझा होता असं मला अजून वाटतं. गौरवात असं लिहू नये म्हणतात, पण खोटं लिहून कसला गौरव?

नात झाली तशी मी घरी बसले आणि सून यमुना जिनात जाऊ लागली. नात म्हणजे लोण्याचा गोळा, गालाला खळी माझ्यासारखी! असो. यमुना यंत्रात कापूस घालायची अन् मधेच मागच्या कुंपणातून घरी यायची. मला वाटायचं, सुट्टी असेल. एकदा ती नसताना यंत्र तुंबलं, पट्टा तुटला. जिनाचे मुनीम कडाडले, "कामचोर बाई! उद्यापासून बंद करा हिला."

दुसरं कुणी असतं तर यमुनेला फैलावर घेतलं असतं. द्वारकाबाई आमच्या घरी आल्या. यमुना लेकराला पाजत रडत होती. नुसतं बघितलं अन् माघारी गेल्या.

"मालक, ही चोर न्हाई," त्या मुनिमांना म्हणाल्या. "दूध दाटलं की हिचं ध्यान घरी लागतंय. लेकरू हितंच आणू द्या."

"उद्या सगळ्याच आणतील!"

"आणू द्या की. पळायच्या तरी थांबतील."

"अन् ही पुन्हा पळाली तर?"

"तर हिच्यासंगं मलाबी काढा."

माझ्या सुनेसाठी त्यांनी आपली मुकादमकी पणाला लावली! लेकरू दिवसभर माझ्या मांडीवर, अन् ध्यानात आलं त्यांच्या. मला लई झोंबलं.

त्यांनी शेडमागच्या कडुलिंबाला लेकरासाठी बारदानाची झोळी बांधली. यमुना मधल्या वेळात पाजायची अन् यंत्रावर परत यायची. पुन्हा कधी पळाली नाही. हळूहळू लिंबाला झोळ्याच झोळ्या लागल्या.

जिनातली रंगूही पळायची, बसली की शेजारणीशी भांडायची. तिला ना लेकरू, ना घोर. मुनीम म्हणाले, "हिलाबी झोळी बांधता का?"

"हिचा सभावच तसा," द्वारकाबाई म्हणाल्या. "एका जागी बसवली तर भांडणारच. फाटकावर गाड्या लावायला ठेवा." आता रंगू गाडीवानांवर दिवसभर ओरडते, अन् जिनात शांतता आहे.

नात मोठी झाली. भोंगा वाजला की माझा हात सोडून "जिनातली आजी" म्हणत त्यांच्याकडं धावते. का गं, मी कोण मग? घास मी भरवते अन् ही गोष्टी त्यांच्या ऐकते!

द्वारकाबाई, देवानं तुम्हाला उदंड आयुष्य द्यावं, गुडघे शाबूत ठेवावेत. या नातीच्या लेकराची झोळी मात्र मीच बांधणार, दोरीला हात लावू देणार नाही. तुम्ही जरा सरकून बसा अन् बघा. बघायला तुम्ही पाहिजेच.