घशात राहिलेला घास

आमच्या पिंपळगाव राजात माणूस गेलेल्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. सोयरे आणि शेजारीपाजारी भाकरी-पिठलं बांधून आणतात आणि घरच्यांच्या मागे लागून दोन घास खाऊ घालतात. त्याला कडू घास म्हणतात. माझा थोरला भाऊ गेला त्या दिवशी मीही तो खाल्ला. मला खरं तर रडायचं होतं, पण रडायला कोणी वेळच देईना. विहारात वंदना घ्यायचा तो दादा. आता स्मशानात त्रिशरण-पंचशील कोणी म्हणायचं, असं झाल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी जन्मभर शाळेत मास्तरीण आणि मास्तरणीला आवाज असतो. मी म्हटलं. अगदी खणखणीत म्हटलं. मग घरी येऊन चारचौघींच्या आग्रहाखातर भाकरीचा घास गिळला, आणि तो खाली गेलाच नाही असं मला वाटलं.

नंतरही तो तिथेच. गळ्याच्या खळगीत सुपारीएवढं काहीतरी बसलेलं. आवंढा गिळला की वर-खाली व्हायचं, पण जायचं नाही. मी दिवसभर खाकरायला लागले. खाकरून काही निघत नव्हतं, तरी खाकरत होते. शेजारची म्हातारी म्हणाली, कडू घास अडकला, वरून केळ्याचा मोठा गोळा गिळून टाक. दुसरीनं कोमट तेलानं गळा चोळून दिला. शाळेतल्या जुन्या सोबतिणीनं फोनवरच थायरॉईड ठरवून टाकला. गावात डॉक्टर कमी, निदान करणारे फार. मी केळंही गिळलं, गुळण्याही केल्या, आणि सगळ्यांवर चिडचिड करत राहिले.

चिडचिड वरवरची होती. आतून मी भ्याले होते. दादाचं दुखणं असंच सुरू झालेलं. 'घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटते,' एवढंच तो पहिल्यांदा म्हणाला होता, आणि आम्ही त्याला हसलो होतो, सावकाश जेव म्हणून. ती अन्ननलिकेची गाठ निघाली. खामगाव झालं, अकोला झालं, आणि वर्ष पुरतं उलटायच्या आत तो गेला. मी लग्न केलं नाही. दादा आणि वहिनी हेच माझं घर. आता त्या घरात आम्ही दोघी उरलो होतो आणि दोघींच्या मनात एकच भीती होती.

वहिनीनं मला एका शब्दानं विचारलं नाही. फक्त माझ्या ताटातली भाकर बंद झाली. मऊ खिचडी, पातळ वरण, दुधात कुस्करलेली पोळी. दादाला ती हेच भरवायची, त्याच स्टीलच्या वाटीत. मी खाकरले की स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबायचा. मला तिचा राग यायचा आणि दयाही यायची, आणि मी निमूटपणे ती खिचडी खायचे. एक गोष्ट मात्र विचित्र होती. जेवताना तो गोळा नसायचा. हात धुतले की परत यायचा. हे मी कोणाला सांगितलं नाही, कारण आशा धरायची मला हिंमत नव्हती.

शेवटी वहिनीच मला खामगावला कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी नाकातून बारीक नळी घालून आत पाहिलं. मग विचारलं, अन्न अडकतं का, गिळताना दुखतं का, वजन उतरलं का, आवाज बसला का. सगळ्याला मी नाही म्हटलं. जेवताना बरं वाटतं हेही आता सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, हेच मला ऐकायचं होतं. गाठ असती तर घासाला अडवलं असतं. घशाचे स्नायू आवळून बसलेत, दुःखानं, भीतीनं असं होतं, थोडी आम्लपित्ताचीही भर असते. खाकरणं बंद करा, त्यानं ते आणखी चिडतं. खाकरावंसं वाटलं की पाण्याचा घोट घ्या. चहा कमी करा, जेवून लगेच आडवं होऊ नका. जबडा सैल सोडून गुणगुणत जा. आणि घास अडकायला लागला किंवा वजन उतरलं तर थांबू नका, लगेच या. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, घरात कोणी गेलंय का? मी मान हलवली. रडलात का, असं त्यांनी विचारलं. मी पिशवी उघडून फीचे पैसे मोजायला लागले.

त्यांनी सांगितलेलं मी आजही पाळते. गोळा अजून अधूनमधून येतो, तास-दोन तास बसतो, जातो. आता मी त्याला भीत नाही.

पण त्या दिवशी परतताना बसमध्ये मी म्हटलं, ऐकलंस ना, काही नाही मला. वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाली, 'त्यायले बी पयले काही नाही म्हणत होते.' घरी आल्यावर तिनं पुन्हा खिचडी लावायला घेतली. माझं डोकं फिरलं. तिच्या हातातलं पातेलं मी बाजूला ठेवलं, परात ओढली आणि स्वतः भाकर थापली. जाडजूड, कडेला फाटलेली. ठेचा घेतला, कांदा फोडला आणि तिच्या समोर बसले. म्हटलं, बघ आता.

ती बघत होती. माझ्या तोंडाकडे नाही, गळ्याकडे. प्रत्येक घास उतरेपर्यंत तिची नजर हलत नव्हती. अर्धी भाकर संपली तेव्हा तिनं पदर तोंडाशी नेला.

'बाई,' ती म्हणाली, 'शेवटी शेवटी ते भाकरच मांगत होते. एक कोर तरी दे म्हणे. डाक्टरनं नाही म्हटलं होतं, म्हणून म्या नाही देल्ली. माह्याकडे पाठ करून निजले.' तिनं परातीतलं उरलेलं पीठ बोटानं गोळा केलं. 'देल्ली असती तं काय झालं असतं? तसे बी गेलेच ना.'

मग ती रडली. मीही रडले, स्मशानात जे रडायचं राहिलं होतं ते सगळं. दादाला हाका मारून रडले. लहान पोरीसारखं नाक वाहत होतं माझं.

डोळे पुसले तेव्हा लक्षात आलं, दादा गेल्यापासून वहिनीनं भाकर तोंडात घातली नव्हती. माझ्यासोबत सोय म्हणून ती खिचडी खाते असं मी समजत होते. मी उरलेली अर्धी भाकर तिच्या हातात दिली. 'खाय,' म्हटलं. तिनं कोर मोडली, तोंडात घातली आणि चावत राहिली, कितीतरी वेळ चावत राहिली. तिला ती गिळता येईना. मी पाण्याचा पेला तिच्या ओठांशी धरला आणि पाठीवरून हात फिरवत बसले.