तिचा पंख, माझी पेटी

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला अमरावतीत आम्ही बिनपायलटचं छोटं विमान बांधत होतो. त्याचा पंख मी आणि माझी अकोल्याची मैत्रीण, दोघींनी वेगवेगळा करायचा आणि जिचा सरांना पसंत पडेल तिनं स्पर्धेला बंगलोरला जायचं, असं ठरलं होतं. एकाच खोलीत राहून, एकाच डब्यातलं खाऊन आम्ही एकमेकींच्या जिवावर उठलो होतो. निदान मी तरी. तिला आमच्यात चुरस आहे याचा पत्ताही नसावा, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

मी भातकुलीकडच्या शेतकऱ्याची मुलगी. आमच्याकडे वस्तू करायची तर बैलानं लाथ मारली तरी मोडू नये अशी. पंखाचं ते बाल्सा लाकूड इतकं हलकं, की माझा त्याच्यावर विश्वासच बसेना. प्रत्येक सांध्याला मी गोंदाचा एक हात जास्तीचा दिला, आतून जादा पट्ट्या मारल्या. ती मात्र वजन कमी करायला पंखाच्या फासळ्यांना भोकं पाडत बसायची, वर गाणी गुणगुणत.

चाचणीला पंख दोन खुर्च्यांवर उलटा ठेवला. उडताना हवा खालून रेटते, म्हणून पंख उलटा करून वर वजन ठेवतात. वजनाला मेसमधल्या तूरडाळीच्या पुड्या होत्या. एकेक पुडी ठेवली तसा तिचा पंख वाकत गेला. तूट मेल्या, तूट, मी मनात म्हणत होते. तुटला नाही. पुड्या काढल्या आणि पुन्हा सरळ झाला. माझा केसभरही वाकला नाही. मी ऐटीत सगळ्यांकडे बघितलं. सरांनी तो हातात उचलला आणि हसले.

"याले बैलगाडीले लाव," म्हणाले.

माझा नुसता तिळपापड झाला. खोलीवर आल्यावर ती वर मलाच म्हणते, "पंखासाठी पेटी तूच करून दे व. तुयासारखं पक्कं कोणाले जमते?"

नाही म्हणायचं होतं. पण केली. प्लायवूडची, कोपऱ्यांना पत्रा, आत फोम, रेल्वेत कितीही आदळली तरी पंखाला धक्का लागू नये अशी. तिच्या पंखापेक्षा माझी पेटी देखणी होती, हे मी आजही म्हणेन.

ती बक्षीस घेऊन परतली. खोलीत पोरींची ही गर्दी. विमान कसं उडालं, परीक्षक काय म्हणाले, सगळं सांगून झालं. गर्दी पांगल्यावर मी विचारलं, "पेटी कशी निघाली व?"

"ते त तिथंच सोडली," ती म्हणाली. "लय जड होती. पंख आणला ना मांडीवर ठेवून."