कॅमेराबाई आणि पुसट बोटं

कर्णबधिर मुलांच्या शाळेत तिला सगळे कॅमेराबाई म्हणत. शिकवायची ती भाषा, पण अकरा वर्षं खांद्यावर धोंड्यासारखा जड जुना कॅमेरा वागवत तिने खुणांच्या भाषेतल्या एकोणीस गोष्टींच्या टेपा केल्या होत्या. गोष्टी सांगायचे चित्रकलेचे सर. ते स्वतः कर्णबधिर. त्यांचे हात हलू लागले की मुलांना मधली सुट्टी झाल्याचंही भान राहत नसे.

संपादन म्हणजे दोन व्हीसीआर शेजारी मांडायचे, एकावर लावायचं आणि दुसऱ्यावर उतरवायचं. एक तुकडा चुकला की पुढचं सगळं पहिल्यापासून. वर दर नकलेला चित्र पुसट होत जाई. तिसऱ्या नकलेत सरांची बोटं म्हणजे नुसता लगदा. एकदा तर गोष्टीतला सुतार अख्ख्या वर्गाला न्हावी वाटला, आणि न्हाव्याने दार तासलं म्हणून पोरं पोट धरून हसली. तिच्या मात्र डोळ्यांत पाणी आलं.

"सर, डिजिटल कॅमेरा घ्या. त्यात कितीही नकला काढा, चित्र तसंच राहतं," ती मुख्याध्यापकांच्या मागे लागली.

"जुना चालतोय ना, बाई?"

"चालतोय हो. पण दिसत नाही. आपल्या पोरांना दिसलंच नाही तर उरलं काय?"

दोन वर्षांनी तळहाताएवढा कॅमेरा आला. तोवर चित्रकलेच्या सरांना अर्धांगवायूचा झटका येऊन उजवा हात गेला होता आणि ते घरी बसले होते. आता सगळी भिस्त जुन्या टेपांवर. व्हीसीआर नव्या कॅमेऱ्याला जोडून त्या संगणकात घ्यायच्या, तुकडे नीट जोडायचे, असं तिने ठरवलं.

पण कॅमेऱ्याची वायर लावायला संगणकाला भोकच नव्हतं. दुरुस्तीवाला तीन आठवडे "उद्या येतो" म्हणत राहिला. आला, कार्ड बसवलं, तर दर मिनिटाला चित्र उडी मारू लागलं.

"दहा-बारा फ्रेम सुटणारच, मॅडम. कुणाच्या लक्षातही येत नाही."

"अहो, आमच्याकडे फ्रेम सुटली म्हणजे शब्द सुटला!" ती कडाडली.

त्याने नवी डिस्क बसवली. उड्या थांबल्या. पण पडद्यावर पुन्हा तोच लगदा.

"आता काय झालं?"

"मशीनचा दोष नाही, मॅडम. टेपवर आहे तेच येणार."

तिने कपाट उपसलं. मूळ टेपा सापडल्या. लेबलांवर 'गोष्ट' खोडून तिच्याच अक्षरात 'क्रीडास्पर्धा' लिहिलं होतं. कोऱ्या टेपा मिळत नसत, तेव्हा नक्कल आहेच म्हणून तिनेच मूळ चित्रणावर शर्यती घेतल्या होत्या. पोत्यातून उड्या मारणारी मुलं मात्र लख्ख दिसत होती. ती टेप तिने भिंतीवर फेकली, मग स्वतःच उचलून आणली.

दुसऱ्या दिवशी ती कॅमेरा घेऊन सरांकडे गेली. डाव्या हाताने त्यांनी खूण केली, "अर्धेच शब्द येतात. हात तोतरा झालाय."

"थांबत थांबत सांगा. मधलं थांबणं मी कापीन," तिने हातांनीच सांगितलं.

त्यांनी सगळ्यात छोटी, हरवलेल्या कुत्र्याची गोष्ट निवडली. उजव्या हाताचं काम कधी भुवयांनी केलं, कधी खांद्याने. मध्येच चिडून ते तोंड फिरवून बसत. चार खेपांत पाऊण तासाचं चित्रण झालं. कापताना संगणक दोनदा बंद पडला, दोनदा तिने पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटी नऊ मिनिटांची गोष्ट हाती आली. एकेक बोट सुटं दिसत होतं.

वर्गात मुलांनी ती लागोपाठ तीनदा बघितली. सरांच्या भुवयांची नक्कल करत मुलं घरी गेली.

पुढच्या आठवड्यात कॅमेराबाई पुन्हा सरांच्या दारात उभी राहिली. त्यांच्या बायकोने चहा केला. सरांनी मुलांची चौकशी केली. मग कॅमेऱ्याकडे बघून नकाराची मान हलवली आणि डावा हात मांडीखाली घालून बसले. ती अर्धा तास थांबली. पुढच्या महिन्यातही दोनदा जाऊन आली.

बाकीच्या अठरा गोष्टी तशाच पुसट राहिल्या.