सोळा हातांची इरकल

साडी नंबर चारचा पदर कापून झाला होता. मागून फ्युजिंगचं अस्तरही चिकटवून झालं होतं. तेवढ्यात साडीची मालकीण दारात येऊन उभी राहिली.

बेळगावात माझं शिवणकामाचं छोटं युनिट आहे. तीन मशिनं, एक लांबलचक कटिंग टेबल आणि मदतीला सुमन. घरातल्या जुन्या साड्या, शर्ट, दुपटी लोक आणून देतात आणि आम्ही त्यातून उशांची कव्हरं, पडदे, टेबल मॅट शिवतो. येणारा माणूस नुसतं कापड आणत नाही. "ही नेसून आई शाळेत यायची," "आप्पा हाच शर्ट घालून बाजाराला जायचे," असं सांगत पिशवी उघडतो. चूक झाली तर दुकानातून दुसरं कापड आणून भागत नाही. म्हणून माझी पद्धत कडक आहे. प्रत्येक कापडाला नंबर, फोटो, सेफ्टी पिननं लावलेली चिठ्ठी, वहीत नोंद आणि कात्री लावण्याआधी फॉर्मवर सही.

साडी नंबर चारचं हे सगळं झालं होतं. सही शुभांगीची होती. साडी तिची नव्हती.

शुभांगी निपाणीला बँकेत आहे. तिच्या भावानं कंग्राळीत नवं घर बांधलं, वास्तुशांत दहा दिवसांवर आली होती. आईच्या खोलीत झोपाळा टांगला होता. त्यावर आईच्याच साड्यांची गादी, उशा, खिडकीला पडदा, असं तिच्या मनात होतं. "एकदम रंगीबेरंगी करा मॅडम. आणि आईला कळता कामा नये. सरप्राइज आहे."

पिशवीत पाच साड्या होत्या. चार वापरून मऊ झालेल्या. एक मात्र नऊवारी इरकल, गर्द जांभळी, लाल पदरावर पांढऱ्या गोपुरांसारखी नक्षी. घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला. वहीत मी लिहिलं, 'नं. ४, इरकल, घडी मोडलेली नाही.' लिहिलं आणि पुढच्या साडीकडे वळले. आठवणीसाठी आलेल्या कापडाची घडीच मोडलेली नसेल तर आठवण कसली, एवढं तरी विचारायला हवं होतं. ते वहीत राहिलं.

दारातल्या बाई सत्तरी ओलांडलेल्या, बारीक, ताठ. हातात कापडी पिशवी.

"मी पार्वती. शुभांगीची आई. माझं लुगडं हितं आलंय म्हणं."

"आक्का, बसा. कोण म्हणालं?"

"ट्रंकेतल्या कापडांना ऊन द्यायला काढलं तर लुगडं न्हाय. सुनेला धरलं, तिनं सांगितलं. कुठं हाय?"

टेबलावरच होतं. एका बाजूला घडी, दुसऱ्या बाजूला पदराचे दोन चौकोन. आक्का दोन्हींकडे बघत राहिल्या. मग स्टुलावर बसल्या.

"माझ्या भावानं दिलेलं शेवटचं हे. बेळगुंदीचा त्यो. त्यो गेला, आता म्हायेरात कुणी न्हाय. जाताना अंगावर घालायला ठिवलंतं मी."

सुमननं मशीन थांबवलं. आमच्याकडे बाई गेली की तिच्या अंगावर माहेरचं कापड पडावं लागतं. ते भाऊ आणतो. आक्कांचा भाऊ आधीच गेला होता, पण त्याचं कापड ट्रंकेच्या तळाशी तयार होतं. ते मी कापलं होतं.

मला हातावर हात ठेवून बसता येत नाही. मी लगेच उपायाला लागले.

"आक्का, मी पदर परत जोडून देते. टाका शोधून सापडणार नाही."

"दिसंल का न्हाय, त्यो इषय न्हाय बाई. सुई लागलेलं तिथं चालत न्हाय."

शिवाय माझं म्हणणं अर्धंच खरं होतं. फ्युजिंग म्हणजे मागं इस्त्रीनं चिकटवायचं पातळ अस्तर. जुनं कापड त्यानं टिकतं, पण एकदा चिकटलं की सुटत नाही.

मी शुभांगीला फोन लावून स्पीकरवर टाकला. आई इथं बसलीय, असं सांगितलं. ती म्हणाली, "आई, मला वाटलं ते तळाशी पडलंय म्हणजे तू विसरलीस."

"इसराय ती काय छत्री हाय? बँकेत बी दुसऱ्याचं लॉकर असंच उघडतीस व्हय गं?"

"आई, चुकलं माझं."

"चुकलं तर फोन ठेव आन् काम कर."

फोन बंद झाला. आक्का उठल्या आणि उरलेली साडी टेबलावर उलगडायला लागल्या. माझ्या टेबलाला इंच टेप चिकटवलेली आहे, तिच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, एक हात, दोन हात, असं मोजत गेल्या. नऊवारी म्हणजे अठरा हात. मोजणी सोळा हात आणि चार बोटांवर संपली.

"कमी पडतंय का?" मी विचारलं.

त्यांनी स्वतःकडे खाली बघितलं. "मी तरी आता कुठं अठरा हाताची ऱ्हायले? बसते सोळात."

लांबीचं भागलं. पण एक अडचण होतीच. कापलेल्या कडेचे धागे सुटायला लागले होते. आम्ही अशी कड ओव्हरलॉक करतो, म्हणजे मशीनवर दोऱ्यानं बांधून घेतो. इथं सुईच बंद.

"सुई नको ना? मग गाठी मारू," मी म्हटलं.

कडेचे आडवे धागे चार बोटं ओढून काढायचे. उभे धागे मोकळे होतात. त्यांचे छोटे छोटे जुडगे करायचे, पीळ द्यायचा, गाठ मारायची. शालीला गोंडे असतात तसं. मी एका टोकाला बसले, आक्का दुसऱ्या टोकाला. माझ्या गाठी पुढंमागं व्हायला लागल्या.

"मशीनवाल्या बाईला गाठ मारायला येत न्हाय लई," आक्का सुमनला म्हणाल्या. मग माझ्या आठ गाठी सोडून त्यांनी परत मारल्या.

दुपारचा चहा झाला तेव्हा कड पूर्ण झाली. आक्कांनी पदराचे चौकोन उचलले. "ह्याचं काय करणार हुतीस?"

"झोपाळ्यावरच्या दोन उशा."

"मग कर. कापलंयस तर नीट तरी शिव. आन् कापूस भर, त्यो स्पंज नको. घाम येतोय."

फॉर्मवर मी तशी नोंद केली. या वेळी सही त्यांची घेतली.

वास्तुशांतीला मी स्वतः डिलिव्हरी घेऊन गेले. चार साड्यांची पट्ट्यापट्ट्यांची गादी, पिवळ्या काठाचा पडदा, लाल पदराच्या दोन उशा. खोली उजळून निघाली. मग आक्का आल्या. अंगावर जांभळी इरकल होती. सोळा हातांची, खांद्यावरून गाठींचे गोंडे लोंबणारी.

शुभांगी घाबरली. "आई, हे तर तू ठेवलं होतंस ना?"

"ट्रंकेत ठिवलं तर पुना कुणाची कात्री फिरंल सांगता येत न्हाय. अंगावर हाय तवर कुणाची टाप हाय?"

"पण मग नंतर..."

"धुऊन ठिवीन की. मला काय उद्याच जायाचंय?"

त्या झोपाळ्यावर बसल्या. एक लाल उशी पाठीशी घेतली, दाबून बघितली. कापूसच होता. मला म्हणाल्या, "बरी शिवलीस."

माझ्या फॉर्मवर आता दोन ओळी वाढल्या आहेत. कापड कुणाचं? त्या माणसाला माहीत आहे का? सरप्राइजची ऑर्डर मी अजूनही घेते. फक्त ज्याला सरप्राइज द्यायचं, त्याला आधी विचारून घेते.