पेजेबरोबरचा खारा बांगडा

घास माझ्या मुलाच्या तोंडात गेला आणि ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून पेज परत गळायला लागली. हातातला चमचा खाली पडला. चमचा उचलायला तो वाकला आणि तसाच बाकावरून कलंडला. एकशे बारा किलोचा माणूस. मला उचलणं शक्यच नव्हतं. मी पदराने त्याचं तोंड पुसलं नि म्हटलं, "नीट गिळ रे." त्याने काहीतरी उत्तर दिलं, पण त्यात शब्द नव्हते, नुसता आवाज होता.

मला वाटलं, पित्त. मे महिना, धारगळच्या हायवेवर सकाळपासून टेम्पो चालवून पेज जेवायला घरी आलेला. मी सोलांचं, म्हणजे आमसुलांचं, पाणी केलं, त्याच्या टाळूवर खोबरेल थापलं. पाणी आत गेलंच नाही. शेजाऱ्यांना हाक मारेपर्यंत मी तासभर घालवला. इस्पितळात म्हणाले, तोच तास महत्त्वाचा होता.

सेहेचाळीस वर्षांचा होता. आमचं घर पार्स्यात. सून घाटावरची, चंदगडकडची, कारखान्यात कामाला. त्या सकाळी ती कामावर होती, घरात मी आणि तो.

त्याला प्रेशर असल्याचं कळलं ते ह्याच्या दोन वर्षं आधी. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईने दंडाला पट्टा बांधला तो पुरेना, मग कपाटातून दुसरा मोठा काढला. डॉक्टरणीने स्पष्ट सांगितलं, रक्ताच्या नळ्या आतून कडक होत चालल्या आहेत. रोज गोळी, वजन कमी, मीठ कमी. गोळी त्याने रोज घेतली. वजन कमी झालं नाही. दिवसभर बसून काम, आणि वाटेत कुठे गाडी थांबली की गरम भजी आणि पाव. मीठ मात्र माझ्या हातात होतं, कारण स्वयंपाक माझा. मी मिठाचा डबा माळ्यावर टाकला. आमटी अळणी, भाजी अळणी. वाड्यावर सांगत फिरले, आमच्या घरात मीठ बंद.

आणि दहा वाजता त्याच्यापुढे पेज ठेवायची, तिच्याबरोबर भाजलेला खारा बांगडा आणि खारातल्या आंब्याची फोड. पावसाळ्यासाठी आम्ही दर मे महिन्यात पुरुमेंत भरतो, सुकी मासळी, आमसुलं, मिरच्या. बांगडा त्यातला. आधी त्याला एक पुरायचा. जेवण अळणी झाल्यावर दोन लागायला लागले. मी दोन दिले.

सुनेने पहिल्यांदा बोलून दाखवलं तेव्हा आम्ही तिघं जेवत होतो.

"आई, ह्या बांगड्यात सगळं मीठच हाय की. बंद करा हे."

"ती मासळी गो, मीठ न्हय."

"मग खारवली कशानं? साखरेनं?"

मुलगा हसला. "आये, दी आता हिका उत्तर."

"घाटार मासळी खंय वळखतात?" मी म्हटलं. "तू आपले बटाटे खा."

तो एवढा हसला की पोट हललं, आणि हसता हसता त्याने तिसरा बांगडा घेतला. सून ताट घेऊन उठली. पुढे दोनदा तिने डब्यातली मासळी मांजरांना घातली. मी दोन्ही वेळा बाजारातून परत आणली.

मला कळलं नव्हतं, असं मी म्हणणार नाही. ती बोलली तेव्हाच कळलं होतं. मीठ चोळून उन्हात वाळवायचं काम मी लहानपणापासून केलंय. पण घाटावरून आलेल्या पोरीने मला मासळी शिकवावी, हे मला सोसलं नाही. आणि बांगडा दिसला की त्याचा चेहरा खुलायचा. त्याला खूश ठेवणं मला जमत होतं, तिला जमत नव्हतं.

इस्पितळात तो अकरा दिवस होता. उजवं अंग गेलेलं, जीभ गेलेली. मी तरुण डॉक्टरला विचारलं, "हे मासळीने झालं काय?"

"एकाच गोष्टीने होत नाही, आजी. वजन, बैठं काम, प्रेशर. नळ्या कितीतरी वर्षांपासून खराब होत होत्या. मिठाने भर पडली."

सून शेजारीच उभी होती. सगळं ऐकलं तिने. आता बोलेल, म्हणून मी वाट बघितली. शिव्या घातल्या असत्या तरी मी ऐकून घेतल्या असत्या.

"चला," ती म्हणाली, "बस जाईल."

त्यावर आम्ही आजपर्यंत बोललो नाही. स्वयंपाक ती करते. वाढते ते मी जेवते.

तेराव्यानंतर तिने मला आरोग्य केंद्रात नेलं. माझं वजन बेचाळीस किलो, प्रेशर बरोबर. आयुष्यभर मी त्याच्यासारखंच खाल्लं होतं.

इस्पितळातल्या अकराव्या दिवशी सकाळी मुलगा वारला. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि जिवंत आहे.